नाक मोकळं आहे, मग हा दाब कसला? सायनस समजून सोसलेल्या दुखण्याबद्दल

पावसाळा सुरू झाला की मेडिकलच्या काउंटरवर हमखास ऐकू येणारं एक वाक्य म्हणजे "सायनसची गोळी द्या". मागणाऱ्याने भुवईवर दोन बोटं दाबून धरलेली असतात, डोळे अर्धे मिटलेले. दुकानदार सर्दीच्या गोळ्यांची पट्टी काढतो आणि कधीकधी चिठ्ठी नसतानाही तीन दिवसांचं अँटिबायोटिक कापून देतो. नाक चोंदलंय का, शेंबूड येतोय का, हा विषय दोघांपैकी कोणीच काढत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच हवा.

कपाळ जड, डोळ्यांच्या मधोमध दाब, गालफडं ठणकतायत, खाली वाकलं की सगळं पुढे ओघळतंय असं वाटतं. पण श्वास दोन्ही नाकपुड्यांतून सरळ चाललाय, नाक वाहत नाही, घशात कफ उतरत नाही, फोडणीचा वास नीट येतो. असं असेल तर दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा सायनसमध्ये नसतं. हे ऐकून बऱ्याच जणांना राग येतो, कारण दुखतं तर नेमकं सायनसच्या जागीच. त्यांचं दुखणं शंभर टक्के खरं असतं, फक्त पत्ता चुकलेला असतो.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. त्यांच्या चार जोड्या: कपाळात भुवयांच्या वर, दोन्ही गालांत, नाकाच्या मुळाशी डोळ्यांच्या मधे, आणि चौथी कवटीच्या पार आत, नाकाच्या मागे. या सगळ्यांना आतून नाकासारखंच ओलसर अस्तर असतं. त्यावरचे सूक्ष्म केस चिकट द्रव सतत ढकलत राहतात आणि बारीक भोकांवाटे तो नाकात आणून सोडतात. गालातल्या सायनसचं भोक तर तळाशी नसून वरच्या अंगाला असतं, म्हणजे तिथला द्रव या केसांना उलटा, वर चढवावा लागतो. अस्तर एकच आणि बाहेर पडायची वाटही नाकातूनच, त्यामुळे सायनस सुजला की जवळजवळ नेहमी नाकाला त्याची खबर लागते. म्हणूनच नाकाच्या डॉक्टरांची २०२० सालची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की प्रौढ माणसाला सायनसायटिस, म्हणजे सायनसची सूज, म्हणायचं तर नाक चोंदणं किंवा नाकातून वा घशात स्राव येणं, यातलं एक तरी लक्षण हवंच. चेहऱ्याचा दाब आणि वास कमी होणं ही जोडीची लक्षणं. नुसत्या दाबावर निदान होत नाही.

मग होतं काय? २००४ साली अमेरिकेत 'मला सायनसची डोकेदुखी आहे' असं स्वतः मानणाऱ्या किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेल्या २,९९१ लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची लक्षणं निकषांवर तपासली तेव्हा ८८ टक्के लोकांचं दुखणं अर्धशिशीच्या, म्हणजे मायग्रेनच्या जातीचं निघालं. २००७ मधल्या दुसऱ्या अभ्यासात अशाच १०० जणांना नीट तपासलं, तर खरा सायनसायटिस निघाला फक्त तिघांना. हे आकडे तिकडचे आहेत, पण चुकीचा पत्ता धरण्याचं कारण मात्र माणसाच्या शरीररचनेतच आहे.

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूची जवळजवळ सगळी संवेदना एकच मोठी नस मेंदूकडे नेते. तिचं नाव ट्रायजेमिनल. तिला तीन फांद्या. वरची फांदी कपाळ, डोळा, कपाळातला सायनस आणि मेंदूवरच्या आवरणाचा मोठा भाग सांभाळते. मधली गाल, गालातला सायनस आणि वरचे दात. खालची जबडा, खालचे दात आणि चावण्याचे स्नायू. या तिन्हींचे निरोप मेंदूच्या देठात एकाच केंद्रात येऊन पडतात, आणि मानेच्या वरच्या मणक्यांजवळच्या नसाही तिथेच येऊन मिळतात. तीन दारांना एकच बेल जोडलेली असली की आतल्या माणसाला बेल वाजली एवढंच कळतं, कुठल्या दाराची ते नाही. मेंदूचं तसंच होतं. कळ मेंदूच्या आवरणातून येवो, दाढेतून येवो, मानेतून येवो, त्याला ती गालाच्या किंवा भुवईच्या हाडात जाणवू शकते.

यात आणखी एक भर पडते. अर्धशिशीचा झटका येतो तेव्हा हीच नस एक प्रतिक्षिप्त क्रिया चालू करते. त्यामुळे डोळ्यात पाणी येतं, नाकातलं अस्तर थोडं फुगतं, पातळ पाणीही गळतं. म्हणजे दुखणं डोक्याचं आणि लक्षणं सर्दीसारखी. तरी फरक दिसतो: हा स्राव पाण्यासारखा असतो, झटक्याबरोबर येतो आणि झटक्याबरोबर जातो. सायनसायटिसमधला घट्ट, पिवळा-हिरवा स्राव दिवसेंदिवस हटत नाही.

'पण मला नाक आतून बंद वाटतं' असं पुष्कळ जण सांगतात. नाक मोकळं असल्याची जाणीव नाकातल्या थंडाव्यावरून होते. आत जाणारी हवा अस्तराला गार करते आणि तो गारवा तीच ट्रायजेमिनल नस टिपते. म्हणून बाम किंवा पेपरमिंट हुंगल्यावर नाक 'उघडल्यासारखं' वाटतं. मेंथॉल त्या गारव्याच्या जाणिवेला चाळवतं. हवेची वाट मात्र मोजून पाहिली तर होती तेवढीच असते. याच्या उलटही घडतं: वाट मोकळी, पण जाणीव बंद असल्याची. घरी अंदाज घ्यायचा तर फ्रिजमधली स्टीलची वाटी नाकाखाली आडवी धरून तोंड मिटून श्वास सोडा. दोन्ही बाजूंना वाफेचे डाग उमटले तर हवा चाललीय. एक डाग मोठा, एक लहान असला तर घाबरू नका. निरोगी माणसातही दर काही तासांनी एक नाकपुडी थोडी फुगते आणि दुसरी सैल होते.

आता अर्धशिशीकडे वळू, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकलेली असतात. नावात 'अर्ध' असल्यामुळे अर्धंच डोकं दुखायला हवं अशी समजूत आहे. पुष्कळांची दोन्ही बाजू दुखते, चेहऱ्यावर दुखते, आणि ठणकण्याऐवजी नुसता दाब जाणवतो. औषध न घेतल्यास झटका ४ ते ७२ तास टिकतो. इथेच अँटिबायोटिकला फुकटचं श्रेय मिळतं: दुखायला लागल्यावर दुसऱ्या दिवशी गोळी घेतली, तिसऱ्या दिवशी उतार पडला, झटका तसाही तिसऱ्या दिवशी संपणारच होता. मग पुढच्या वेळी तीच गोळी. असं वर्षानुवर्षं चालतं.

डॉक्टर वापरतात ते तीन प्रश्न स्वतःला विचारून बघा. गेल्या तीन महिन्यांत डोकं किंवा चेहरा दुखताना मळमळलं का? उजेड नेहमीपेक्षा जास्त त्रासदायक वाटला का? दुखण्यामुळे एक दिवस तरी काम, अभ्यास किंवा ठरलेलं काही करणं अडलं का? तीनपैकी दोनांना 'हो' असेल तर अर्धशिशीचा दाट संशय घ्यावा. त्यातून आई, मावशी, आजी यांपैकी कोणाला 'डोकं उठायचं' असेल, पाळीच्या आसपास त्रास वाढत असेल, तर संशय आणखी पक्का. बायकांमध्ये अर्धशिशी पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळते.

आपल्याकडच्या घरांत ती कशाने उठते तेही पाहण्यासारखं आहे. संकष्टीचा किंवा एकादशीचा उपास आणि त्यात दुपारपर्यंत नुसता चहा. लग्नघरातलं जागरण. मे महिन्यातलं ऊन. उदबत्ती, धूप, उग्र अत्तर. आणि डोक्यावरून अंघोळ. 'केस ओले राहिले की माझा सायनस भरतो' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी आहे. २००६ साली मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी ९४ भारतीय रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, ज्यांना केस धुतल्यावर अर्धशिशीचा झटका येत होता. म्हणजे घरातल्या बाईचं निरीक्षण अगदी बरोबर होतं: केस धुतले की दुखतं. कारण मात्र सायनस भरण्याचं नव्हतं. 'आभाळ भरून आलं की सायनस उठतो' याचंही तसंच. हवामानातला बदल हे अर्धशिशी असलेल्या अनेकांनी सांगितलेलं कारण आहे.

दुसरं मोठं कारण स्नायूंचा ताण. यात दुखणं ठणकत नाही, मळमळ नसते; कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं. त्याचाच चेहऱ्यावरचा प्रकार नाकाच्या मुळाशी, डोळ्यांखाली आणि गालांवर दोन्ही बाजूंना सारखा दाब देतो. जागा हुबेहूब सायनसची, नाकाची दुर्बीण आणि सीटी स्कॅन मात्र स्वच्छ. डोकेदुखीसाठी वापरतात त्या अमिट्रिप्टिलिनचा अगदी लहान डोस काही आठवडे दिल्यावर यातल्या बऱ्याच जणांना उतार पडतो. हे औषध मुळात नैराश्यावरचं. चिठ्ठीवर त्याचं नाव बघून 'मला वेडाची गोळी दिली' असं समजून ते बंद करणारे लोक आहेत आणि त्याचं फार वाईट वाटतं. इथे ते नसांची अतिसंवेदनशीलता कमी करायला दिलेलं असतं, डॉक्टरांनी एवढं एक वाक्य समजावून सांगायला हवं.

जबडा विसरू नका. झोपेत दात खाण्याची सवय असलेला माणूस रात्रभर चावण्याचे स्नायू आवळून ठेवतो आणि सकाळी गालफडं, कानशिलं जड घेऊन उठतो. आत्ता इथेच तपासा: दोन्ही हातांची बोटं गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याच्या थोडं पुढे आणि वर ठेवा, मागचे दात घट्ट आवळा. बोटांखाली जो टणक गोळा उठतो तो चावण्याचा स्नायू. आता दात सैल सोडा आणि तोच स्नायू दाबत दाबत गालाच्या हाडापर्यंत वर या. कुठे चटकन कळ आली, आणि ती तुमची रोजचीच ओळखीची कळ असेल, तर नाकाऐवजी जबड्याकडे बघायला हवं. तोंड उघडताना कानापुढे कट् असा आवाज, सकाळी जबडा आखडलेला, जिभेच्या कडेवर दातांचे ठसे, ही त्याचीच लक्षणं. दातांचे डॉक्टर रात्री घालायला पट्टी बनवून देतात.

वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाला अगदी लागून असतात, काहींत तर मधलं हाड कागदाइतकं पातळ. किडलेली दाढ, रूट कॅनाल केलेल्या दाताच्या टोकाशी राहिलेला पू, तडा गेलेला दात, यांची कळ थेट गालात जाणवते. उलटही खरं: खऱ्या सायनसायटिसमध्ये वरच्या सगळ्या दाढा दुखू लागतात. ओळखायचं कसं? दाताचे डॉक्टर एकेका दातावर औजाराच्या दांड्याने हलकं ठोकतात. एकच दात ठणकला तर दात दोषी असण्याची शक्यता जास्त. चेहऱ्याची एकच बाजू दुखते आणि नाकात घाणेरडा वास येतो असं असेल, तर आधी दातांचा एक्स-रे.

मान, डोळे, चष्म्याचा बदललेला नंबर, दिवसभर लॅपटॉपवर वाकणं, यांनीही भुवईमागे दाब येतो. मान एका विशिष्ट बाजूला वळवल्यावर दुखणं वाढत असेल तर मूळ मानेत शोधावं.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे त्या नसेचंच दुखणं, मात्र वेगळाच. त्यात दाब नसतो, विजेचा झटका बसल्यासारखी कळ काही सेकंद येते, जास्तीत जास्त दोन मिनिटं. ती दात घासताना, तोंड धुताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी येते. यातले बरेच लोक दातदुखी समजून चांगले दात काढून बसतात. म्हणून अशी कळ असेल तर दात काढण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

आता अपवाद, म्हणजे नाक मोकळं असूनही सायनसच दोषी असण्याची शक्यता. पहिला आणि महत्त्वाचा, नाकाच्या मागे खोल असलेला सायनस. तो भोवतालापासून इतका आत आहे की तिथे पू साठला किंवा बुरशीचा गोळा झाला तरी नाकाला पत्ता लागत नाही. दुखतं डोळ्यांच्या मागे किंवा डोक्याच्या टाळूवर, दिवसेंदिवस वाढत जातं, नेहमीच्या गोळीला दाद देत नाही. डोळ्याची नस त्याला लागून जाते, म्हणून हे दुखणं अंगावर काढू नये. दुसरा अपवाद विमानाचा. विमान उतरताना बाहेरचा दाब झपाट्याने वाढतो, सायनसचं भोक सुजेने बंद असेल तर आतबाहेरचा दाब जुळत नाही आणि भुवईत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. सर्दी नसतानाही काहींना उतरतानाच एका डोळ्यावर अशी कळ येते आणि उतरल्यावर अर्ध्या तासात थांबते. तो डोकेदुखीचा स्वतंत्र, मान्यताप्राप्त प्रकार आहे. तिसरा अपवाद धुळीची ॲलर्जी. तिच्यात नेमकी भोकाजवळची सूज जास्त आणि बाकी नाक बरंच मोकळं असू शकतं. पण तिथे खाज, सकाळच्या शिंका, डोळे चोळणं यांपैकी काहीतरी सोबत असतंच.

काही खुणा दिसल्या तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं. डोळ्याभोवती सूज, एकाचं दोन दिसणं, नजर कमी होणं. लाल डोळा, दिव्यांभोवती रंगीत कडी आणि उलट्या. हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. ताप आणि मान ताठ. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी, क्षणात कमाल गाठणारी डोकेदुखी. चेहऱ्याचा अर्धा भाग बधिर होणं किंवा वाकडा होणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं कानशिलाचं दुखणं, कंगवा लागला तरी दुखणारं टाळकं, चावताना जबडा भरून येणं. यात रक्तवाहिनीची सूज असते आणि वेळेत औषध मिळालं नाही तर दृष्टी जाऊ शकते. आणि मधुमेह असेल, त्यातून स्टेरॉईड घेतलेली असतील, तर एका बाजूचा गाल दुखणं, बधिर होणं, तोंडातल्या टाळूवर काळा डाग, नाकातून काळपट स्राव, अचानक हलणारे दात यांकडे दुर्लक्ष नको. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, महाराष्ट्रात किती लोकांचे डोळे, जबडे आणि जीव घेतले ते आपण पाहिलंय. त्यातल्या अनेकांची सुरुवात 'गाल जरा दुखतोय' इथूनच झाली होती.

औषधांबद्दल थोडं सडेतोड बोलायला हवं. सर्दीनंतरचा सायनसायटिसही बहुतांशी विषाणूंचा असतो आणि आपला आपण बरा होतो. लक्षणं दहा दिवसांहून जास्त रेंगाळली, किंवा बरं वाटायला लागून पुन्हा उलटली, तेव्हा जिवाणूंचा संशय घेतात. नाक कोरडं असताना अँटिबायोटिक घेणं म्हणजे पोट बिघडवून घेणं आणि जिवाणूंना पक्कं करणं. नाक उघडणारे थेंब, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनवाले, काही दिवसांपलीकडे घातले तर थेंबांशिवाय नाक उघडेनासं होतं. म्हणजे नसलेली तक्रार आपणच तयार करतो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि कॅफिनसारखे घटक मिसळलेल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं तर गोळ्याच डोकेदुखी चालू ठेवू लागतात. 'रोज एक घेतल्याशिवाय कपाळ सुटत नाही' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून बघावा.

सुंठ उगाळून कपाळावर लेप, ओव्याची पुरचुंडी, वाफारा, यांनी बरं वाटतं, आणि बरं वाटण्याला किंमत आहे. फक्त उकळत्या पाण्याचं पातेलं लहान मुलांच्या जवळ नको, चादरीखाली तर नकोच. भाजण्याचे अपघात असेच होतात. जलनेती ॲलर्जी आणि स्राव असलेल्यांना खरंच उपयोगी आहे; पाणी उकळून गार केलेलंच वापरा, नळाचं थेट नाही. नाक आधीच स्वच्छ असेल तर जलनेतीकडून या दाबावर फार अपेक्षा ठेवू नये.

सायनसच्या साध्या एक्स-रेवरून फारसं कळत नाही. सीटी स्कॅन चांगला, पण त्याचाही अर्थ जपून लावावा. काहीही त्रास नसलेल्या लोकांच्या स्कॅनमध्येही अस्तर थोडं जाड दिसतं, नाकाचं मधलं हाड थोडं वाकडं दिसतं. ते वाकडं हाड बघून ऑपरेशन करून घेतलेले आणि तरीही भुवई दुखतेच असे लोक कमी नाहीत. म्हणून ऑपरेशनला हो म्हणण्याआधी एवढं विचारा: दुखत होतं त्याच काळात काढलेल्या स्कॅनमध्ये, दुखतं त्याच बाजूचा सायनस भरलेला दिसतोय का? ऐन दुखण्यात काढलेला स्कॅन स्वच्छ असेल, तर सायनसवर ठपका ठेवता येत नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी महिनाभर वहीत चार गोष्टी लिहा: कधी दुखायला लागलं आणि कधी थांबलं, नाकातून काय आलं किंवा नाही आलं, त्या दिवशी जेवण-झोप-ऊन-पाळी यांचं काय होतं, आणि कुठली गोळी किती घेतली. मळमळ आणि उजेडाचा त्रास आठवणीने लिहा, कारण ते 'सायनस'शी संबंधित वाटत नाही म्हणून लोक सांगतच नाहीत. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने नाक तपासून घ्या. आत पू नाही, मस्से नाहीत असं निघालं तर वही घेऊन फिजिशियन किंवा मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा, आणि जबड्याची किंवा दाढेची खूण सापडली असेल तर दंतवैद्यांकडे. अर्धशिशी ठरली तर तिच्यावर झटका थांबवणारी वेगळी आणि झटके कमी करणारी वेगळी औषधं आहेत. झटका थांबवणारं औषध दुखायला लागल्यावर जितकं लवकर घ्याल तितकं चांगलं लागू पडतं, पण दमा किंवा हृदयाचा आजार असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगा, कारण त्यावरून यातली काही औषधं बदलावी लागतात.